चाच्याचा सदरा

समुद्री चाचा कसा दिसतो, हे कुठल्याही मुलाला विचारा. डोक्याला लाल रुमाल, एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, कमरेला रंगीत शेला, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. हातात वाकडी तलवार तर हवीच! गंमत म्हणजे मूल मुंबईचं असो की लंडनचं, चित्र एकच. जणू साऱ्यांनी एकाच चाच्याला जवळून पाहिलंय.

पण हे ध्यान समुद्रातून आलेलं नाही, पुस्तकांतून आणि पडद्यावरून आलंय. खांद्यावर पोपट घेऊन कुबडीवर चालणारा एकपायी चाचा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला. पुस्तक निघालं १८८३ साली. हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला कप्तान जे. एम. बॅरीच्या ‘पीटर पॅन’ नाटकातला. ते रंगमंचावर आलं १९०४ साली. आणि तो झोकदार रुमाल नि शेला? त्याचं श्रेय बरंचसं हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराचं. त्याची चाच्यांची चित्रं इतकी लोकप्रिय झाली की पुढे हॉलिवूडवाल्यांनी कपडेपट त्यावरूनच उचलला. खऱ्या चाच्यांचा सुवर्णकाळ मात्र साधारण १६९० ते १७२५. म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या जन्माआधी सव्वाशे वर्षं हा खेळ आटोपला होता.

मग आज एखाद्याने ठरवलं, की आपण त्या काळातला खराखुरा चाचा व्हायचं, लुटायला नव्हे, लोकांना दाखवायला, तर त्याने अंगात घालायचं काय?

हा प्रश्न गमतीचा वाटेल. पण इंग्लंड-अमेरिकेत हजारो माणसं या प्रश्नापायी सुट्टीचे दिवस खर्ची घालतात.

हौसेचे दोन रस्ते

आपल्याकडे गणेशोत्सवात जिवंत देखावे असतात. तिकडे इतिहासाचे जिवंत देखावे करणाऱ्या मंडळ्या आहेत. शनिवार-रविवारी किल्ल्यावर किंवा बंदरावर तंबू ठोकायचे, त्या काळचे कपडे घालायचे, त्या काळचं अन्न त्या काळच्या भांड्यांत शिजवायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या काळची माहिती द्यायची.

चाच्यांची हौस मात्र दोन रस्त्यांनी जाते. एक रस्ता जत्रेचा. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरात १९०४ सालापासून ‘गॅस्पारिला’ नावाचा उत्सव होत आलाय. चाच्यांच्या वेशातले नागरिक शहरावर लुटुपुटीची स्वारी करतात. ज्या होझे गॅस्पारच्या नावाने हे चालतं, तो चाचा बहुधा कधी जन्मालाच आला नव्हता! इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावाने तर २०१२ साली एका ठिकाणी १४,२३१ चाचे जमवून जागतिक विक्रम केला. इथे कुणी कुणाचे टाके मोजत नाही. पट्टी बांधा, मिशी काढा, झालात चाचे.

दुसरा रस्ता इतिहासाचा. तो चिंचोळा आणि काटेरी. इथे बटणापासून बुटापर्यंत प्रत्येक वस्तूला विचारलं जातं, ‘तू त्या काळी होतीस का?’ अमेरिकेत अशा मंडळींमध्ये खोटा, बाजारू वेश करणाऱ्याला ‘फार्ब’ म्हणून हिणवतात. उलट अति चिकित्सकांना ‘टाके मोजणारे’ म्हणून चिडवतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत मात्र नाही.

पहिलं वर्ष खरेदीचं

नवख्याचं पहिलं वर्ष ठरलेलं असतं. तो दुकानात जातो आणि पाकिटातला तयार चाचा घेऊन येतो. चकाकणारं नायलॉन, बाहीला लेस, कमरेला इलॅस्टिक. दिवसभर उन्हात उभं राहिलं की अंगाची लाही होते, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर कपडा वितळून कातडीला चिकटण्याची भीती. पहिला धडा मिळतो तो असा. खऱ्या कपड्याचा आग्रह हा निव्वळ शिष्टपणा नसतो.

दुसऱ्या वर्षी तो जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांतून फिरू लागतो. तिथे त्याची नजर बदलते. टेबलावर घालायची जुनी लिननची चादर दिसली की त्याला सदरा दिसतो. लोकरीचं जाड ब्लँकेट दिसलं की जाकीट दिसतं. कुणाच्या आजोबांच्या कोटाची पितळी बटणं तेवढी काढून घेता येतील का, असा हिशेब मनात सुरू होतो. घरातले लोक तेवढ्यात ओळखतात, की आता पडदे सांभाळायला हवेत.

कापड खरं की खोटं हे ओळखायची त्यांची युक्ती आपल्या कापडदुकानदारांना नवी नाही. एक धागा काढायचा आणि काडी लावायची. वितळून त्याची कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर लिनन किंवा सूत. केस जळाल्याचा वास आला तर लोकर.

तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात सुई येते. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

बटणं आहेत, कोट नाही

शिवायचं खरं, पण नमुना कुठून आणायचा? चाच्यांचे कपडे कुणी पेटीत जपून ठेवले नाहीत. समुद्राच्या तळाशी गेलं ते लिनन आणि लोकर कुजून गेली. धातू तेवढा राहिला. त्यामुळे अडचण अशी, की बटण सापडतं, बकल सापडतं, कोट सापडत नाही.

मग कागदपत्रं धुंडाळावी लागतात. चाचे काही आकाशातून पडले नव्हते. बहुतेक सारे आधी व्यापारी किंवा आरमारी जहाजांवरचे खलाशीच होते. इंग्रजांच्या आरमाराने १७०६ साली खलाशांना विकायच्या तयार कपड्यांचा ठेका दिला होता. त्याची यादी आजही वाचता येते. राखाडी लोकरीचं जाकीट, आत लाल अस्तर, पंधरा पितळी बटणं, काजं सोनेरी रंगाच्या दोऱ्याने विणलेली. निळ्या-पांढऱ्या चौकटीचे सदरे. लाल लोकरीची तुमान, तिला चामड्याचे तीन खिसे. एका वाण्याच्या वहीइतकी ही यादी रुक्ष, पण या हौशी मंडळींना ती पोथीसारखी पाठ असते.

दुसरं साधन कोर्टाचं. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोन बायकांवर १७२० साली जमैकात चाचेगिरीचा खटला झाला. डोरोथी थॉमस नावाच्या बाईने साक्षीत सांगितलं, की त्या दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटं आणि लांब तुमानी होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते. चला, रुमालाला निदान एक साक्षीदार मिळाला! अशा एकेका ओळीवर एकेक कपडा उभा राहतो. गुडघ्यापर्यंतच्या बुटांना मात्र कोर्टात कुणी ओळखत नाही. ते घोडेस्वाराचे. ओल्या फळीवर आणि दोरखंडांवर चढउतार करणारा खलाशी अनवाणी असे, नाहीतर साध्या बकलाच्या जोड्यात. तो जोडाही डावा-उजवा नसलेला. दोन्ही पायांना एकच साचा.

सात-आठ तुकडे आणि एक सुई

सगळ्यांत आधी शिवतात तो सदरा. त्याचा बेत पाहिला तर आपल्याकडच्या जुन्या शिंप्याला ओळखीचं हसू येईल. सारे तुकडे सरळ. चौकोन आणि आयत. वळणदार काप नाही. एक लांब पट्टा खांद्यावरून दुमडून पुढची-मागची बाजू, दोन बाह्या, गळपट्टी, मनगटाच्या पट्ट्या आणि बगलेत चौकोनी तुकडा, जुन्या पद्धतीच्या कुडत्याला असतो तसाच. कारण दोन्हीकडे एकच. कापड हातमागावर विणलेलं, महाग. चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. आणि बगलेत तो तुकडा असला की हात डोक्यावर नेऊन दोर ओढताना शिवण उसवत नाही.

दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही आणि टिकतो. मग धावदोरा, मग शिवण उलटून कडा आत घेऊन पुन्हा टाके. शिवणयंत्र घरोघरी यायला तेव्हा दीडशे वर्षं अवकाश होता, म्हणून हातशिलाई. काही जण तडजोड करतात. आतल्या लांब शिवणी यंत्रावर आणि बाहेर दिसणाऱ्या हाताने. नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळून शिवणाऱ्यांचा एक सदरा महिना-महिना चालतो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लिनन पसरलेलं आणि घरचे ताटं मांडीवर घेऊन बसलेले, हे चित्र या घरांतून नवं नाही.

पण शिवता शिवता कपडा बोलू लागतो. जाकीट आखूड का? लांब कोटाचे सोगे दोरखंडांत अडकले तर माणूस डोलकाठीवरून खाली जाईल. तुमानीची बैठक एवढी ढगळ का? वाकायचं, चढायचं असतं म्हणून. कमरेला मागे बंद का? माणूस रोडावला तरी तीच तुमान आवळून वापरता यावी म्हणून. आणि खलाशी रोडावत असत. कॅनव्हासला डांबर किंवा जवसाचं तेल का चोपडलेलं? पावसाला दुसरा उपाय नव्हता म्हणून.

शेवटी हा सारा साज अंगावर चढवून माणूस आरशासमोर उभा राहतो, तेव्हा समोर कोण दिसतं? एक गरीब मजूर. राखाडी जाकीट, चौकटीचा सदरा, लोकरीची विणलेली टोपी. जत्रेत मुलं त्याला विचारतात, ‘तुम्ही शेतकरी का?’

म्हणजे वेश जितका खरा, तितका चाचा नाहीसा होतो!

पेटीतल्या वस्तू

कपड्यांनंतर सामान. तलवार आणि पिस्तूल सगळ्यांना आधी हवं असतं. इथे एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. अमेरिकेत अशा मंडळींकडे दिसणाऱ्या चकमकीच्या बंदुकांच्या आणि पिस्तुलांच्या पुष्कळशा प्रतिकृती भारतात बनतात. बत्ती देण्याचं छिद्र न पाडताच त्या पाठवतात, म्हणजे ती बंदूक उडत नाही. देहरादूनमध्ये तयार होणाऱ्या तलवारीही हौशी लोकांकडे आणि चित्रपटांत पोचल्या आहेत. इंग्लंडमध्ये हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांवर २००६ च्या कायद्याने बंधनं आली, तेव्हा इतिहासाचे देखावे करणाऱ्यांसाठी त्यात वेगळी सवलत ठेवावी लागली.

पण जाणती मंडळी सांगतात, पिस्तुलाआधी चमचा घ्या. लाकडी वाडगा, कथलाचा पेला, पांढऱ्या मातीची लांब दांडीची चिलीम, सुई-दोऱ्याची पिशवी. जमैकातलं पोर्ट रॉयल हे चाच्यांचं लाडकं बंदर ७ जून १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेलं. त्या बुडालेल्या गावातून वर आलं ते हेच. भांडी, चिलिमी आणि एक खिशातलं घड्याळ. सोन्याच्या राशी नव्हेत, संसार.

ब्लॅकबिअर्ड या नामचीन चाच्याचं उदाहरण घ्या. १७१८ साली त्याने चार्ल्स्टन बंदराची कोंडी केली आणि ओलीस सोडायच्या बदल्यात काय मागितलं? औषधांची पेटी. त्याचं बुडालेलं जहाज ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ १९९६ साली सापडलं. त्यात तोफांबरोबर वैद्याची पिचकारीही निघाली. आता चाच्यांच्या तंबूत कुणी वैद्य होऊन बसतो, समोर बाटल्या, पट्ट्या, पिचकारी मांडतो. तलवारवाल्यापेक्षा त्याच्याभोवती गर्दी जास्त होते. दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं असतं ना!

शेला कुठून आला?

एवढं सगळं रुक्ष असेल, तर चाच्यांच्या अंगावर रंग मुळीच नव्हता का? होता. आणि तो पुष्कळदा आपल्या बाजूचा होता.

जॅक रॅकम नावाच्या चाच्याला ‘कॅलिको जॅक’ म्हणत. १७२४ साली निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात कारण दिलंय. त्याचे कपडे नेहमी कॅलिकोचे असत. कॅलिको म्हणजे सुती कापड. नाव पडलं ते केरळातल्या कालिकतवरून, आजच्या कोझिकोडवरून. त्या काळी हिंदुस्थानी छिटांनी इंग्लंडला असं वेड लावलं होतं, की तिथल्या विणकरांचे माग बंद पडायची पाळी आली. १७१९ साली लंडनमध्ये चिडलेले विणकर रस्त्यावर बायकांच्या अंगावरचे छिटाचे कपडे फाडत होते. पार्लमेंटने १७०० साली एक आणि १७२१ साली दुसरा कडक कायदा करून ही छिटं बंद केली. म्हणजे ज्या रॅकमला १७२० साली फाशी दिलं, तो अंगात घालत होता ते कापडच इंग्लंडमध्ये भांडणाचं मूळ होतं.

म्हणून कॅलिको जॅक उभा करणाऱ्याला छापील सुती कापड शोधावं लागतं. आणि शेला रेशमी हवा असेल, तर ‘हा कुठून आणला?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं. ते उत्तर नेहमी गमतीचं नसतं.

सप्टेंबर १६९५. औरंगजेब बादशहाचं ‘गंज-इ-सवाई’ हे मोठं जहाज यात्रेकरू आणि सोनं-चांदी घेऊन मक्केकडून सुरतेला परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते गाठलं. खाफीखान या इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवलाय. जहाजाच्या कप्तानाने, इब्राहिमखानाने, आपण लढायचं सोडून तळघरात धाव घेतली. तिथे विकत आणलेल्या तुर्की मुली होत्या. त्यांच्या डोक्याला पगड्या बांधल्या, हातात तलवारी दिल्या आणि त्यांना लढायला पिटाळलं. पुढे चाच्यांनी जहाजावरच्या बायकांची विटंबना केली. काहींनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बादशहाच्या माणसांनी कैदेत टाकलं. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही. उलट लंडनमध्ये त्याच्यावर नाटक झालं!

वेषांतराचा इतका भीषण प्रसंग चाच्यांच्या इतिहासात दुसरा शोधून सापडणार नाही. पगडी एका घटकेत बांधून होते. तिच्याखालच्या मुलीचं काय झालं, हे कुठल्या यादीत नाही. एव्हरीचा खलाशी होऊन कमरेला हिंदुस्थानी रेशीम बांधणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं. चांगले कार्यकर्ते ते सांगतातही. मुलांना पेलेल अशा शब्दांत, पण टाळत नाहीत.

आणि ‘चाचा’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. ज्या १७१८ साली इंग्रजांनी तिकडे ब्लॅकबिअर्डला मारलं, त्याच साली इकडे मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर चालून आला आणि हात हलवत परतला. समोर होते सरखेल कान्होजी आंग्रे. कंपनीच्या कागदांत त्यांना चाचाच म्हटलंय. मराठ्यांच्या आरमाराचा अधिकृत सरखेल एकाच्या दप्तरात सेनापती आणि दुसऱ्याच्या दप्तरात चाचा! वेश कितीही बिनचूक शिवला, तरी हा फरक त्यात दिसत नाही. तो तोंडाने सांगावा लागतो.

एक लहान जोडा

या साऱ्या धडपडीत, खऱ्या चाच्याच्या अंगावरचं म्हणता येईल असं काही सापडलंय का? सापडलंय. अगदी थोडं.

सॅम बेलामी या चाच्याचं ‘व्हिडा’ हे जहाज २६ एप्रिल १७१७ रोजी अमेरिकेत केप कॉडजवळ वादळात फुटलं. जहाजावरच्या शंभराहून अधिक माणसांपैकी अवघे दोघे वाचले. १९८४ साली बॅरी क्लिफर्डने त्याचे अवशेष शोधले. त्यात एक लहान जोडा, एक रेशमी मोजा आणि पायाचं एक हाड मिळालं. २००६ साली तज्ज्ञांनी सांगितलं, की हाड आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचं आहे. जुन्या जबानीत जॉन किंग नावाच्या मुलाचा उल्लेख येतो. १७१६ साली चाच्यांनी एक जहाज पकडलं. त्यावर तो आईबरोबर प्रवास करत होता. मला चाच्यांबरोबर जायचंय म्हणून तो हटून बसला, आणि आईला मागे टाकून गेला. जोडा त्याचाच असावा, असं मानतात.

चाच्यांचा वेश करून हिंडायची हौस सगळ्यांत जास्त लहान मुलांनाच असते. जॉन किंगलाही होती. आई त्याच जहाजावर होती, तरी तो थांबला नाही.

आज या मंडळ्यांच्या तंबूत मुलं आली की आधी पोपट शोधतात, मग तलवार मागतात. तलवार हातात मिळत नाही. मिळते ती मेण लावलेल्या दोऱ्याची सुई आणि लिननचा तुकडा. ‘घाल दोन टाके,’ असं म्हटलं की मुलं मुकाट्याने बसतात. जीभ दातांत धरून टाके घालतात. वाकडे येतात, पण येतात.

हंगाम संपला की सदरे धुऊन वाळत घालतात. मीठ, धूर आणि घाम यांनी ते आता खरे दिसू लागलेले असतात. कोपरावर विरलेला सदरा फेकत नाहीत. जुन्या चादरीचा तुकडा शोधतात आणि ठिगळ लावतात. खलाशीही तेच करत.